बिरड्याचा रोजा आणि अब्राहामाचं आख्यान

पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या शिळाछापखान्यातून १८७४ साली एक हग्गादा निघाली. मिसरच्या गुलामीतून सुटकेची ही पोथी ज्यू घरांत पेसाहच्या रात्री वाचतात. हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी. संपादक मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर. मोशेची कथा, छापणारे अग्निहोत्री, आडनाव तळे गावाचं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग वर्षानुवर्षं तिचा नाद सुटला नाही. आतल्या चित्रात बेखमीर भाकरी चालली आहे, मळण्यापासून भाजण्यापर्यंत, आणि करणाऱ्या बायका लुगडी नेसून खाली बसल्या आहेत.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची कुळकथा, म्हणजे नवगावला फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे, ते उगाळत नाही. मला कोडं होतं ते वेगळंच: शतकानुशतकं हाताशी पोथी नव्हती, तर बेने इस्रायलांचं ज्यूपण राहिलं कुठे? शेमा ही प्रार्थना तोंडपाठ होती, सुंता होती, शनिवारी घाणा बंद असे. बाकीचं बरंचसं बायकांच्या हाती होतं. त्यांच्या सणांची जुनी नावंच पाहा: नव्याचा सण, खिरीचा सण. योम किप्पुर म्हणजे दारफाळणीचा सण, कारण दारं लावून घरात उपास करायचा. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवटा तो बिरड्याचा रोजा. रोजा मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेला, बिरडं वालाचं. आणि नवस फेडायचा तो एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला, पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं घालून केलेल्या मलिद्याने.

पोथी हाती आली त्यात मिशनऱ्यांचा मोठा वाटा. जॉन विल्सनने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. हेतू उघड होता. पण धर्म बदलणारे फार थोडे निघाले. मासा आमिष खाऊन गेला, गळ तसाच राहिला. मिशनऱ्यांच्या मराठी बायबलमधून ज्या कथा हाती आल्या, त्यांचं या मंडळींनी काय केलं? कीर्तन केलं.

१८८० साली मुंबईत बेने इस्रायल तरुणांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं ठळक नाव. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. गाण्यातून गोष्ट सांगायची हौस तेव्हा हवेतच होती. या कीर्तनांतही नमन, निरूपण, मग आख्यान. ओव्या, आर्या, साक्या, दिंड्या. साचा हरदासांचा, नायक अब्राहाम.

मला वाटतं, अब्राहामाचं आख्यान त्यांनी घ्यावं यात नवल नव्हतंच. देवाने मुलाचा बळी मागावा आणि बापाने सुरी उचलावी, ही कथा मराठी कानाला परकी नाही. आपण चांगुणेला चिलयाबाळाचं डोकं उखळात कांडताना ऐकलेलं असतं. तिथे मूल आधी जातं, मग परत मिळतं. इथे सुरी वरच्या वर थांबते आणि झुडपात अडकलेला मेंढा दिसतो. पण श्रोत्यांतल्या आयांचा जीव दोन्हीकडे सारखाच टांगणीला लागतो. हे साम्य कीर्तनकारांनी मुद्दाम योजलं असेल-नसेल, मला तरी ते पुसता येत नाही.

पुढे बरेचजण इस्रायलला गेले. तिथे १९६२ मध्ये धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या कुळाची छाननी करायचा हुकूम काढला: पूर्वजांनी घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे केले होते का? ज्यांच्या पूर्वजांकडे ते शास्त्रच नव्हतं, त्यांना हा प्रश्न! मला तो आजही उद्दाम वाटतो. लोक यरुशलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसले. १९६४ मध्ये ‘सर्वार्थाने ज्यू’ अशी मान्यता मिळाली. कीर्तन येतं का, बिरडं कसं करतात, हे कोणी विचारलं नाही.

इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघालं, नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली. आणि कीर्तनं? अष्टमकरांच्या काळी उभे राहत ते पुरुष. आता तिथे अब्राहामाची मराठी पदं म्हणतात त्या बहुतेक बायका, समोर वही उघडी ठेवून.