अठराव्या वर्षानंतरची शाळा

ठाण्याहून पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर गाडी तुर्भ्यानंतर जुईनगरला हार्बर मार्गाला मिळते. तिथून सानपाडा आणि मग वाशी, अशी दोनच स्थानकं. दिव्यांग मूल असलेल्या घराला हे अंतर मोलाचं आहे, कारण वाशीत नवी मुंबई महानगरपालिकेचं शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र आहे. सगळे त्याला ‘ईटीसी’ म्हणतात.

२००७ साली सुरू झालेलं हे केंद्र डॉ. वर्षा भगत यांच्या नेतृत्वाखाली वाढलं. कर्णबधिर, अंध, मतिमंद, स्वमग्न, बहुविकलांग अशा मुलांसाठी तपासणी, उपचार, विशेष शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण एका छताखाली आणणं हे त्याचं वैशिष्ट्य. नाहीतर पालकांना एका उपचारासाठी एका गावी, दुसऱ्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागतं. रोजंदारीवरच्या आईचा प्रत्येक खेपेला दिवस बुडतो. गरिबी आणि अपंगत्व अशी एकमेकांच्या हातात हात घालून येतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरावं संपलं की घरात एकच प्रश्न उरतो : आमच्या माघारी याचं कसं होणार? त्याचं उत्तर व्यवसाय प्रशिक्षणाने द्यायचं असतं.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. कागदी पिशवी आपल्याला एक काम वाटते. शिकवणारा तिचे तुकडे पाडतो : मापाने कापणं, घडी घालणं, खळ लावणं, वाळवणं, दोरी ओवणं. पुष्कळदा सुरुवात शेवटून होते. बाकी सगळं शिक्षक करतो, मूल फक्त दोरी ओवतं आणि पुरी झालेली पिशवी पहिल्याच दिवशी त्याच्या हातात येते. मग एकेक पायरी मागे सरकायचं. माप कळत नसेल तर पुठ्ठ्याचा साचा द्यायचा. मुलाला कामाजोगं करायचं तसंच कामही मुलाजोगं करायचं.

व्यवसाय प्रशिक्षणाचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. खडकीतली ही संस्था शंभरी ओलांडून गेली आहे.

पण शिकलेला हात रिकामा राहिला तर शिकवणं वाया जातं. कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या, पण सरकारी जागा किती जणांना पुरणार? जुईनगरच्या जवळच ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कारखानदारी आहे. कर्णबधिर कामगारासाठी भोंग्यासोबत दिवा, अंध कामगारासाठी हाताला कळणाऱ्या खुणा, मतिमंद तरुणासाठी चित्रांतून दाखवलेला कामाचा क्रम आणि शेजारी एक समजूतदार सहकारी, एवढ्याने बरीच कामं जमण्याजोगी होतात.

म्हणून या पट्ट्यातल्या कारखानदारांना आणि दुकानदारांना विनंती आहे. एकदा वाशीच्या केंद्रात जा. तिथल्या प्रशिक्षकांना आपल्याकडचं एखादं काम दाखवा आणि ते कोणाला जमेल, हे विचारा. दिवाळीत या मुलांच्या हातच्या पणत्या जरूर घ्या. पण पणत्या वर्षातून एकदाच लागतात, पगार मात्र दर महिन्याला लागतो.