स्थळ, पार्सल आणि कस्टम्सचा फोन

मे २०२३ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने डीआरडीओच्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना अटक केली. कोठडी संपल्यावर त्यांची रवानगी येरवडा कारागृहात झाली. येरवड्याहून आळंदी रस्त्याने विश्रांतवाडी ओलांडली की ही प्रयोगशाळा लागते, त्यामुळे बातमी आमच्या भागात जरा जास्तच चघळली गेली. ‘झारा दासगुप्ता’ असं नाव सांगणारी, ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याचं भासवणारी एक बाई २०२२ च्या मध्यापासून त्यांच्याशी व्हॉट्सअॅपवर बोलत होती आणि ती पाकिस्तानी हेर होती, असं पथकाचं म्हणणं. क्षेपणास्त्रांची गोपनीय माहिती तिला दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. पुढे त्यांनी तिचा नंबर ब्लॉक केल्यावर एका अनोळखी भारतीय नंबरवरून ‘ब्लॉक का केलं’ अशी विचारणा आली, असंही आरोपपत्रात होतं.

खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम. पण तेव्हा चहाच्या टपरीपासून कल्याणीनगरच्या क्लबापर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं: “एवढा शिकलेला माणूस!” गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या प्रेमाच्या आणि लग्नाच्या ऑनलाइन फसवणुकी ओळीने मांडून पाहिल्या की हेच वाक्य सर्वांत निरुपयोगी ठरतं. शिक्षणाचा इथे काडीचा संबंध नाही. असलाच तर उलटा आहे, कारण शिकलेल्या माणसाला आपण फसलोय हे घरात सांगायला जास्त जड जातं.

लग्नाच्या नावाखाली गंडवणं आपल्याला नवीन नाही. १९६२ साली आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ रंगमंचावर आलं. एका खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून बेतलेला निपाणीचा लखोबा लोखंडे प्रभाकर पणशीकरांनी घराघरांत पोचवला. हा तंबाखूवाला कधी दिवाकर दातार व्हायचा, कधी कॅप्टन अशोक परांजपे. कॅप्टन हा हुद्दा त्या काळी जेवढा वजनदार होता, तेवढाच तो आजही आहे. जून २०२१ मध्ये बिबवेवाडी पोलिसांनी कन्नड तालुक्यातल्या एका तरुणाला पकडलं. लष्करात असल्याची बतावणी करून त्याने पन्नासहून अधिक महिलांना लग्नाचं आमिष दाखवलं आणि लष्करात भरतीच्या नावाखाली तरुणांकडून पैसे उकळले, असं पोलिसांनी सांगितलं. साठ वर्षं गेली, गणवेश तोच.

फरक पडला तो चौकशीत. स्थळ आलं की गावातला कुणी मामा, शाळेतला मास्तर, ऑफिसातला सहकारी कामाला लागायचा. मुलगा म्हणतो त्या कचेरीत खरंच आहे का, भाडेकरू आहे की घर स्वतःचं, आधी कुठे सोयरीक जुळून मोडली का, हे सगळं चहा पिता पिता काढून आणायचा. त्या चौकशीत जातीची, हुंड्याची घाणही होती. तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही. तरी एक गोष्ट ती नक्की करायची. दोघांच्या मध्ये तिसरा माणूस उभा करायची, आणि तो तिसरा आपल्या बाजूचा असायचा. १९७५ मध्ये पुण्यात ‘अनुरूप’सारखी विवाहसंस्था सुरू झाली तेव्हाही माणसं फॉर्म घेऊन समक्ष जात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लग्नाची संकेतस्थळं आली, मग फेसबुक, मग डेटिंगची अॅप. निवड हजारपट वाढली आणि मामा कमी झाला.

त्याची रिकामी झालेली जागा चोरांनी बरोबर हेरली. ऑनलाइन फसवणुकीतही तिसरा माणूस येतोच, फक्त तो त्यांच्या बाजूचा असतो.

२०१० नंतरची काही वर्षं हा तिसरा माणूस बहुतेक ‘दिल्ली विमानतळावरून’ फोन करायचा. गोष्ट ठरलेली. ब्रिटनचा डॉक्टर, तेलविहिरीवरचा इंजिनिअर, नाहीतर विधुर वैमानिक. दोन-तीन महिने सकाळ-संध्याकाळ चौकशी: जेवलीस का, गुडघा कसा आहे, मुलाचा फोन आला का. मग वाढदिवसाची भेट. पार्सलचा फोटो येतो, त्यात मोबाइल, दागिने आणि पौंडांच्या गड्ड्या. दोन दिवसांनी हिंदी-इंग्रजीत बोलणारी बाई सांगते, पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, तीस-पस्तीस हजार भरा. भरले की पार्सलमध्ये परकीय चलन सापडल्याचं कळतं आणि मनी लाँडरिंगचं प्रमाणपत्र लागतं. मग आयकर, मग दंड, शेवटी सरळ अटकेची धमकी. पहिली रक्कम मुद्दाम झेपेल एवढीच ठेवलेली असते. पुढच्या सगळ्या रकमा आधीचे पैसे वाचवण्यासाठी भरल्या जातात.

यात माझ्या मते पकडण्याजोगी जागा एकच आहे. कस्टम्स ड्युटी कधीही कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात भरत नाहीत. नोव्हेंबर २०१९ पासून कस्टम्स विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फोन करणाऱ्या बाईंकडे तो मागितला की त्यांचा आवाज चढतो.

कायदा तोवर झोपला नव्हता, पण धापा टाकत होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-ड हे कलम, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणं, ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जून २०१६ मध्ये केंद्राने विवाह संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या. सदस्यांच्या ओळखीचे पुरावे घ्या, तक्रार अधिकारी नेमा, हे व्यासपीठ लग्नासाठी आहे हे स्पष्ट लिहा. त्याच वर्षी यूपीआय आलं आणि डेटा फुकटाच्या भावात मिळू लागला. सूचना कागदावर पोचेपर्यंत पैसे बोटाच्या टोकावर आले होते.

मग टाळेबंदी. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत वरच्या पदावर काम करणाऱ्या साठीच्या बाईंना एप्रिल २०२० मध्ये फेसबुकवर एका ‘ब्रिटिश’ गृहस्थाची विनंती आली. वाढदिवसाला आयफोन पाठवल्याचं त्याने सांगितलं आणि कस्टम्सचे फोन सुरू झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रकरण उघड झालं तेव्हा २७ खात्यांत २०७ व्यवहारांतून जवळपास चार कोटी रुपये गेलेले होते.

२०७ हा आकडा मला चार कोटींपेक्षा मोठा वाटतो. दोनशे सात वेळा नवा मजकूर आला, नवी भीती आली, नवा खाते क्रमांक टाकला गेला. एकदाही बँकेतल्या कुणी समोर बसवून “मॅडम, हे कुणाला?” असं विचारल्याचं ऐकिवात नाही. वर्तमानपत्रांनी मात्र ‘आयफोनचा मोह पडला महागात’ या थाटाच्या चौकटी छापल्या. आयफोन स्वतःच्या पगारातून घेऊ शकणाऱ्या बाईला त्याचा मोह कशाला पडेल? त्या वर्षी माणसं घरात कोंडली होती, आणि रोज कुणीतरी विचारपूस करत होतं. आणि ती २७ खाती कुणाची? अशी खाती बहुधा हजार-दोन हजारांसाठी पासबुक आणि सिमकार्ड भाड्याने देणाऱ्यांची असतात. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ‘म्यूलहंटर’ ही यंत्रणा पुढे आणली ती २०२४ च्या अखेरीस.

बायकाच भोळ्या, असं म्हणणाऱ्यांसाठी २०२१ च्या सुरुवातीचं पिंपरी-चिंचवडचं प्रकरण आहे. डेटिंग अॅपवर ओळख, हॉटेलात भेट, पेयात गुंगीचं औषध आणि अंगावरचं सोनं घेऊन पोबारा. अटक झालेल्या तरुणीने सोळा पुरुषांना असं लुबाडल्याचं पोलिसांनी सांगितलं. सोळांपैकी बहुतेकांनी आपणहून तक्रारच दिली नव्हती. तिला गाठायला पोलिसांना स्वतःच अॅपवर खोटं प्रोफाइल उघडावं लागलं.

ही गप्प बसण्याची किंमत २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस शहराने मोजली. नग्न व्हिडिओ कॉलचं चित्रीकरण करून पैसे मागणाऱ्या टोळ्यांच्या जाचाने पुण्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन तरुणांनी जीव दिला. एक कॉलेजात शिकत होता. पोलिसांनी राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या गोठडी गुरू गावापर्यंत जाऊन एकाला पकडलं. तपासाअंती जे हाती लागतं ते नेहमीचंच: पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते, आणि न देता नंबर बंद करून तक्रार केली, की टोळी बहुतेक वेळा पुढच्या सावजाकडे वळते, कारण त्यांना वेळ घालवणं परवडत नाही. अशा वेळी मन फार खचलं असेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पार्सल मागे पडलं आणि गुंतवणूक आली. ‘सॉरी, चुकीचा नंबर’ असा गोड मेसेज, मग गप्पा, मग ‘माझे काका क्रिप्टोमध्ये आहेत’. अॅपवर नफा फुगलेला दिसतो, सुरुवातीला पाच-दहा हजार खरोखर काढू दिले जातात, आणि मोठी रक्कम काढायला गेलं की आधी कर भरायचा असतो. पलीकडे टाइप करणारा कित्येकदा म्यानमार किंवा कंबोडियातल्या कुंपणाआड डांबलेला, नोकरीच्या जाहिरातीला भुललेला मुलगा असतो. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. एका फसवणुकीच्या दोन्ही टोकांना फसलेलीच माणसं बसलेली.

येरवड्याला हे लांबचं वाटू नये. मे २०२५ मध्ये शेजारच्या खराडीत अमेरिकन नागरिकांना अटकेची भीती घालून लुटणाऱ्या बनावट कॉल सेंटरवर पुणे पोलिसांनी छापा घातला. पुढच्याच महिन्यात पुण्यातल्या एका महिलेला विवाह संकेतस्थळावरून साडेतीन कोटींहून अधिक रकमेला गंडवल्याच्या आरोपावरून ऑस्ट्रेलियाच्या एका नागरिकाला मुंबई विमानतळावर अटक झाली. सिडनीतला डॉक्टर असल्याचं सोंग, मग कर्करोगाचं निमित्त आणि सिंगापूरमधलं बँक खातं. त्या संकेतस्थळावर त्याने तीन हजारांहून अधिक महिलांशी संपर्क साधल्याचं तपासात समोर आलं. त्याच वर्षी जानेवारीत फ्रान्समधली एक महिला ब्रॅड पिटच्या नावाने ८ लाख ३० हजार युरोंना बुडाल्याचं गाजलं. इस्पितळातल्या खाटेवरचे त्याचे फोटो यंत्राने बनवलेले होते. तेव्हा ‘फोटो गुगलवर शोधून पाहा’ हा सल्ला आता अपुरा आहे. व्हिडिओ कॉलवर दिसला म्हणून माणूस खरा, हेही राहिलं नाही.

उरतो तो जुनाच उपाय. चौकशी, आणि तीही समक्ष. तो म्हणतो त्या इस्पितळाच्या स्वागतकक्षाला आपण शोधलेल्या नंबरवर फोन लावायचा, त्याने दिलेल्या नव्हे. भेटायचं ते चार माणसांत, दिवसाढवळ्या. भेटीआधी पैशाचा विषय निघाला, अगदी आजारपणाचा असला तरी, की गोष्ट तिथे थांबवायची. आणि “आपल्यातलं कुणाला सांगू नकोस” हे वाक्य आलं की त्याच संध्याकाळी कुणाला तरी सांगायचं. आपल्या मुलीला, भाच्याला, शेजारच्या काकूंना. त्यांनी हसू नये एवढी काळजी मात्र घरच्यांनी घ्यायला हवी. कल्याणीनगर, शास्त्रीनगरच्या कितीतरी फ्लॅटांत मुलं परदेशी आणि आईबाप एकटे राहतात. “आई, कुणाशी बोलतेस हल्ली?” हे दरडावून नव्हे, सहज विचारता यायला हवं.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. हा नंबर २०२१ मध्ये १५५२६० होता, पुढच्या वर्षी बदलला. खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येते, आठवड्यानंतर ती दहा खात्यांत फुटलेली असते. चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा. ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणून नंतर फोन करणारा वकील त्याच टोळीतला असू शकतो. आणि ठाण्यात “ही आमची हद्द नाही, शिवाजीनगरला जा” असं ऐकावं लागलं तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा: दखलपात्र गुन्ह्याची खबर, हद्द कुठलीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.