विरजणाची फेरपालट का करावी?

दूध चांगले, विरजण नेहमीचेच. तरीही दही लागत नाही, असा प्रसंग दुग्धव्यवसाय करणाऱ्यांवर कधी कधी येतो व सारे दूध वाया जाते. थंडी, जुने विरजण किंवा जनावरास दिलेल्या औषधाचा दुधात उतरलेला अंश ही त्याची नेहमीची कारणे होत. ती नसल्यास जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचा संशय घ्यावा. न्यूझीलंडमधील व्हाइटहेड व कॉक्स या शास्त्रज्ञांनी १९३५ साली विरजणातील असे विषाणू दाखवून दिले.

जीवाणूची कात्री व खूण

विरजणातील जीवाणू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात. त्यायोगे दही लागते. विषाणू जीवाणूस चिकटून आपले डीएनए, म्हणजे आनुवंशिक गुणांचा रासायनिक लेख, त्याच्या आत सोडतो. काही वेळाने जीवाणू फुटून अनेक नवे विषाणू बाहेर पडतात.

जीवाणू मात्र अगदीच निःशस्त्र नसतो. अनेक जीवाणूंत दोन प्रकारची विकरे असतात. एक विकर डीएनएतील ठरावीक अक्षरक्रम ओळखून ते कात्रीप्रमाणे कापते. आतड्यातील एका जीवाणूचे विकर जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा क्रम ओळखते. दुसरे विकर जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएवर त्याच क्रमात मिथिल गटाची खूण करते. धनगर आपली मेंढरे खुणेवरून ओळखतो, तसाच हा प्रकार होय. खूण असेल तेथे कात्री चालत नाही. बिनखुणेचे डीएनए तोडले जाते.

शत्रू निसटतो तेव्हा

क्वचित एखाद्या विषाणूच्या डीएनएवर कात्री चालण्यापूर्वीच खूण होते. त्याची सारी प्रजा तीच खूण घेऊन जन्मते आणि त्या जातीच्या जीवाणूंत निर्वेध वाढते. जीवाणूची जात बदलली, तर दुसऱ्या जातीची कात्री निराळा क्रम शोधते व विषाणू पुन्हा कापला जातो. जीवाणू बदलताच विषाणूची वाढ खुंटते, हे लुरिया व ह्यूमन यांनी १९५२ साली नोंदविले. पुढे आर्बर, स्मिथ व नेथन्स यांना या विकरांवरील कार्याबद्दल १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच कात्र्या नंतर प्रयोगशाळांत जनुके कापण्यासाठी उपयोगात आल्या.

काय करावे?

१. एकच विरजण सतत न वापरता निरनिराळ्या जातींची दोन-तीन विरजणे पाळीपाळीने वापरावीत.
२. दूध नीट उकळून कोमट झाल्यावर विरजावे.
३. भांडी घासून उकळत्या पाण्याने धुवावीत.
४. बिघडलेल्या दह्याचे पाणी विरजणाजवळ सांडू देऊ नये. त्यात विषाणू असू शकतात.
५. बिघडलेल्या दह्यातून पुन्हा विरजण घेऊ नये.

घरगुती विरजणात बहुधा अनेक जातींचे जीवाणू एकत्र नांदतात, म्हणून ते सहसा टिकते. निवडक जातींवर चालणाऱ्या दुग्धशाळांनी मात्र विशेष दक्षता घ्यावी. ग्रामसेवकांनी ही गोष्ट दूध उत्पादकांस समजावून द्यावी.