कुत्र्यातील मास्ट पेशींची गाठ : शस्त्रक्रियेनंतरची औषधे

मास्ट पेशींची गाठ हा कुत्र्यांच्या त्वचेत वारंवार आढळणारा कर्करोग आहे. कमी आक्रमक गाठ कडेच्या निरोगी भागासह पूर्ण निघाली, तर बहुतेकदा औषधांची गरजच उरत नाही. गाठ आक्रमक असेल, पुन्हा उद्भवली असेल किंवा लसीका ग्रंथींपर्यंत पोचली असेल, तर मात्र दीर्घ उपचार करावे लागतात. हा निर्णय पॅथॉलॉजीच्या अहवालावरच घ्यावा. गाठीच्या बाह्य रूपावरून काहीच ठरत नाही.

पारंपरिक उपचारात व्हिन्ब्लास्टिनची इंजेक्शने आणि प्रेडनिसोलोन देतात. टोसेरानिब हे औषध वेगळ्या प्रकारचे आहे. या गाठींपैकी काहींमध्ये ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड होऊन पेशींना वाढीचा संदेश सतत मिळत राहतो. टोसेरानिब तो संदेश रोखते, शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांनाही आळा घालते. खास कुत्र्यांच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालेले हे पहिले औषध, 2009 मधले. गोळी सहसा दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा, अनेक महिने द्यावी लागते.

जुलाब, उलट्या, भूक मंदावणे हे नेहमीचे त्रास. काळी विष्ठा मात्र पोटातील रक्तस्रावाची खूण असू शकते; तेव्हा गोळी थांबवून लगेच पशुवैद्यांना गाठावे. पांढऱ्या पेशी, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब यांची तपासणी ठरावीक काळाने होते. मात्रा कमी करणे किंवा काही दिवस खंड देणे नित्याचेच असते.

गोळी तोडू नये, हातमोजे घालूनच द्यावी. गर्भवतींनी तिला हात लावू नये.