कांडोळ आणि खवले मांजर

यवतमाळ जिल्ह्यांत रानाची गोष्ट निघाली कीं ती टिपेश्वरच्या वाघावर येऊन थांबते. वाघाला कैवारी पुष्कळ आहेत. विदर्भाच्या रानांतील ज्या दोन जीवांची विचारपूस फारशी कोणी करीत नाहीं, त्यांच्याविषयीं येथें लिहावयाचें आहे.

कांडोळाचें झाड हिवाळ्याअखेर निष्पर्ण होतें, आणि त्याची गुळगुळीत पांढरी साल चांदण्यांत अशी चमकते कीं नवख्याच्या छातींत धस्स व्हावें. कित्येक ठिकाणीं त्याला भुताचें झाडच म्हणतात. सालीवर घाव घातला कीं डिंक पाझरतो. (आपल्या लाडवांतला डिंक तो हा नव्हे, तो बहुधा धावड्याचा किंवा बाभळीचा.) हा पाण्यांत विरघळण्यापेक्षां फुगतो अधिक, आणि या गुणामुळें कवळी बसविण्याच्या चूर्णापर्यंत नाना जिनसांसाठीं परदेशांत त्याला मागणी आहे. लोभानें कुऱ्हाडीच्या खोल खाचा पाडल्या म्हणजे झाड वाळतें.

खवले मांजराचें मांजराशीं नातें नांवापुरतेंच. तोंडांत दांत नाहींत. रात्रीं लांब चिकट जिभेनें मुंग्या व वाळवी टिपावी आणि संकट आलें कीं अंगाचा चेंडू करावा. त्या चेंडूपुढें वाघाचेहि दांत चालत नाहींत. माणूस मात्र तो उचलून सरळ पोत्यांत घालतो. खवले केवळ नखांच्या द्रव्याचे. तरी औषध म्हणून ते चोरून चीनकडे जातात. २०१६ सालीं त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, २०२० सालीं चीननें आपल्या औषधकोशांतून ते वगळले. चोरटा व्यापार मात्र थांबला नाहीं.

दोघांवरील संकट दूरच्या गिऱ्हाइकाचें. पण उपाय एक नव्हे. डिंक काढण्यास सरसकट बंदी करा, असें म्हणणारे सज्जन भेटतात. मला तें पटत नाहीं. छेद उथळ ठेवला आणि झाडाला विसावा दिला तर साल भरून येते. कोलामांसारख्या आदिवासी कुटुंबांना डिंक म्हणजे रोकड पैसा. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे. झाड जगण्यांत ज्याचें हित, त्याच्याच हातीं विळा असलेला बरा.

खवले मांजराचे खवले घ्यावयाचे तर तें मारावेंच लागतें, आणि मादीला एका वेळीं पिलू बहुधा एकच. येथें १९७२ च्या वन्यजीव कायद्याची संपूर्ण बंदीच हवी. रात्रीं वाटेंत असा चेंडू दिसला तर त्याला हात लावूं नये, गर्दी जमवूं नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें.