कोपराने खणू नये

आयुष्यातली पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली. पेशाने मी मुद्रितशोधक. पुण्यातल्या एका छापखान्यात लागले तेव्हा खिळ्यांची जुळणी चालू होती. पुढे ऑफसेट आले, संगणक आला, गॅल्या गेल्या, पडद्यावरची पाने आली. माझी बसण्याची तऱ्हा मात्र बदलली नाही. डावा कोपर टेबलावर टेकलेला, गाल डाव्या तळहातावर आणि उजव्या हातात लाल पेन. फोन आला तर तोही डाव्याच कानाला, कारण उजवा हात कामात. 'मऊ सापडले म्हणून कोपराने खणू नये' ही म्हण किती पाठ्यपुस्तकांत मी डोळ्यांखालून घातली असेल! आपला स्वतःचा कोपर तीस-पस्तीस वर्षे एकाच जागी खणतो आहे, हे मात्र कधी लक्षात आले नाही.

सुरुवात अगदी साधी होती. रात्री दोन-अडीचला जाग यायची. डाव्या हाताची करंगळी बधिर, आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर. हो, अर्धीच! बोटाच्या मधोमध कोणी हद्द आखून द्यावी तशी. हात झटकला, दोन-चार वेळा मूठ मिटली-उघडली, की मुंग्या जायच्या आणि मी पुन्हा झोपायची. "हात अंगाखाली आला असेल," हे म्हणाले. शेजारच्या वहिनींनी महानारायण तेल सुचवले. ते चोळून झाले, शेकून झाले. एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून "मणक्यांची झीज आहे" म्हणून मानेला पट्टा दिला आणि बी-१२ची इंजेक्शने लिहून दिली. माझ्या वयाच्या कोणाच्याही मानेचा एक्स-रे काढला तर थोडीफार झीज दिसणारच. शिवाय करंगळीकडे जाणारा मज्जातंतू निघतो मानेतूनच, त्यामुळे त्यांचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. फक्त रस्ता बरोबर आणि मुक्काम चुकलेला, असे झाले. या साऱ्यात आठ महिने गेले.

मग एके दिवशी सकाळी चहाचा कप हातातून निसटला. दुसऱ्या आठवड्यात कुलपात किल्ली फिरेना. साडीच्या निऱ्या बोटांत धरून ठेवता येईनात. 'डाव्या हाताचा मळ' असे आपण सहज म्हणतो. डावा हात किती कामे गुपचूप करत असतो, हे तो संपावर गेल्यावर कळते. शेवटी मुलीने एकदा माझा हात हातात घेतला आणि विचारले, "आई, इथे हा खड्डा कसला पडलाय?" अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा बसून गेला होता. रोज तोच हात पाहणाऱ्या मला तो दिसला नव्हता. छपाईतली चूक स्वतः लिहिणाऱ्याला दिसत नाही म्हणतात, तशातला प्रकार!

मुलगी मला हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिशी-पस्तिशीच्या त्या बाईंनी एक्स-रेकडे पाहिलेही नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकामागे, बोटाने टकटक केले. करंगळीपर्यंत वीज सळसळत गेली.

"काकू, दाराला कोपर आपटला की झिणझिण्या येतात ना, तीच ही जागा," त्या म्हणाल्या. "आपटते ते हाड नाही, मज्जातंतू."

मराठीत आपण सरसकट 'नस' म्हणतो. रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नस. हा होता अल्नर नावाचा मज्जातंतू. मानेतून निघून काखेतून दंडात उतरतो आणि कोपराशी येऊन हाडाच्या मागे एका अरुंद बोगद्यातून पुढे जातो. सबंध प्रवासात इथेच तो कातडीच्या अगदी लगत असतो. वर ना स्नायूंची गादी ना चरबीची. कोपर टेकला की तो दाबला जातो. कोपर दुमडला की तो हाडाभोवती ताणला जातो आणि त्याच वेळी बोगदाही आवळतो. म्हणून रात्री हात उशाखाली दुमडून झोपले की मुंग्या, आणि तासभर फोन कानाला लावला की मुंग्या. या दुखण्याला 'क्युबिटल टनेल सिंड्रोम' हे नाव १९५८ साली फिंडेल आणि स्ट्रॅटफर्ड या दोघांनी दिले. मनगटात नस दाबली जाण्याचा विकार बराच ऐकिवात असतो. हाताच्या नसा दाबल्या जाण्याच्या प्रकारांत त्याच्या खालोखाल नंबर या कोपराच्या दुखण्याचा लागतो.

आणि हा मज्जातंतू फक्त करंगळीची संवेदना सांभाळत नाही. तळहातातले बहुतेक छोटे स्नायू त्याच्याच हुकमतीत आहेत. बोटे फाकवणे, जवळ आणणे, चिमटीत घट्ट धरणे ही बारीक कामे त्याची. डॉक्टरांनी एक कोरा कागद माझ्या दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरायला दिला आणि दुसरीकडून ओढला. उजव्या हाताने धरून ठेवला. डाव्या हाताच्या अंगठ्याचे टोक आपोआप वाकले, आणि कागद सुटला. फ्रोमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९१५ मध्ये वर्णन केलेली ही साधी चाचणी. दुबळ्या स्नायूचे काम शेजारचा स्नायू करू पाहतो, म्हणून अंगठा वाकतो. पण जिने पस्तीस वर्षे कागदच हाताळले तिच्या हातातून कागद सुटताना पाहून मला आधी हसू आले आणि मग डोळे भरून आले.

त्यानंतर त्यांनी दोन्ही कोपरांमागची नस बोटांखाली घोळवून पाहिली आणि सहज स्वरात विचारले, "अंगावर कुठे फिकट चट्टा आहे? जिथे स्पर्श कळत नाही असा?"

या प्रश्नाचा अर्थ मला ठाऊक होता. माझे हातपाय गार पडले.

कोकणात आमच्या आजोळी आईचे एक चुलत भाऊ होते. आम्ही त्यांना अण्णामामा म्हणत असू. ते पडवीच्या टोकाच्या खोलीत राहत. त्यांचे ताट वेगळे, तांब्या वेगळा. त्यांच्या दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका आत वळलेली असायची, पंजासारखी. एकदा चुलीवरचे तापलेले भांडे त्यांनी नुसत्या हाताने उतरवले. हात पोळल्याचे त्यांना कळले ते आम्ही मुले ओरडलो तेव्हा. मे महिन्यात ते फणसाचे गरे काढून केळीच्या पानावर ठेवत आणि आम्हाला हाक मारत. आम्ही जायचे नाही, असे घरचे बजावून ठेवलेले. आम्ही जात नसू. संध्याकाळपर्यंत ते पान तसेच पडवीच्या कट्ट्यावर असायचे. मागच्या जन्मीचे पाप, असे मोठी माणसे दबक्या आवाजात म्हणत. रोगाचे नाव घरात कोणी घेत नसे.

डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला असावा. "घाबरू नका, तुमची नस जाड झालेली नाही, चट्टेही नाहीत. पण आपल्याकडे या मज्जातंतूचे दुखणे आले की हे विचारावेच लागते," त्या म्हणाल्या. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीरातला थंड भाग मानवतो, आणि कोपरालगत उघड्यावर असलेली ही नस त्यांना आयतीच सापडते. ती सुजते, दोरीसारखी जाड लागते आणि मग करंगळी-अनामिका वळू लागतात. म्हणजे अण्णामामांच्या हातातली नस आणि माझ्या हातातली नस एकच. मला तिने टेबलामुळे दगा दिला, त्यांना जंतूंमुळे. पापाचा संबंध दोन्हीकडे नव्हता.

त्या रात्री मी झोपू शकले नाही, आणि त्याला मुंग्या कारण नव्हत्या. आमच्या लहानपणी, साठ-सत्तरच्या दशकातही डॅप्सोनच्या गोळ्या होत्या. त्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत, पण होत्या. आमच्याच राज्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून अशा वळलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाला लावत होते. आमच्या पडवीपर्यंत यातले काही पोचले नाही, कारण ज्याचे नावच घ्यायचे नाही त्याच्यावर उपाय कोण विचारणार? पुढे १९८०च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती आली. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. २००५च्या अखेरीस देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. त्यामुळे रोग संपला असा आपला समज झाला. पण जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते ही तरतूद आपल्या विवाहविषयक कायद्यांतून निघायला २०१९ साल उजाडावे लागले!

असो. माझ्या हाताकडे वळते. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी झाली. विजेचे छोटे चटके बसतात, सहन होतात. मनगटापासून कोपरापर्यंत वेग ठीक, कोपराच्या वळणावर एकदम मंद. निदान पक्के झाले. साखरेची तपासणीही झाली, कारण मधुमेहातही नसा अशाच कुरकुरतात.

पहिले तीन महिने औषधाविना उपाय. टेबलावर कोपर टेकायचा नाही. फोन कानाला लावून बसायचे नाही. रात्री जुना टर्किश टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळून बांधायचा, म्हणजे झोपेत हात दुमडत नाही. पहिले चार दिवस प्लॅस्टरमध्ये झोपल्यासारखे वाटले, मग सवय झाली. यात गंमत नाही, वाचकहो. दुखणे सौम्य असताना पुष्कळांना एवढ्यानेच आराम पडतो. मलाही मुंग्या कमी झाल्या. पण खड्डा तसाच राहिला आणि पकड सुधारेना. "आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर कदाचित टॉवेलवरच भागले असते," डॉक्टर म्हणाल्या. स्नायूंचा मज्जातंतूशी संबंध दीड-एक वर्ष तुटलेला राहिला, तर नंतर नस मोकळी करूनही स्नायू परत येत नाहीत. आता थांबण्यात शहाणपण नव्हते.

शस्त्रक्रियेचे दोन मुख्य मार्ग त्यांनी समजावून सांगितले. एकात बोगद्याचे छत कापून नस जागच्या जागी मोकळी करतात. दुसऱ्यात ती उचलून कोपराच्या पुढच्या बाजूला नेऊन बसवतात. ही पद्धत थेट १८९८ पासूनची. कोणाला वाटेल, हलवलेली बरी. पण दोन्हींची तुलना करणाऱ्या चाचण्यांत गुण सारखाच आढळला आहे, आणि नस हलवण्यात जखम चिघळण्याचा धोका अधिक. कोपर वाकवताना नस हाडावरून घसरत असेल किंवा लहानपणीच्या मोडीने कोपर वाकडा झाला असेल, तर हलवण्याचा विचार करतात. माझे तसे नव्हते. फक्त हात बधिर करून माझी नस मोकळी केली आणि संध्याकाळी मी घरी आले.

रात्रीच्या मुंग्या काही आठवड्यांतच गेल्या. शक्ती मात्र सावकाश येते. नसेवरचे आवरण दुखावले असेल तर ती लवकर सावरते. पण आतला धागाच खराब झाला असेल तर तो पुन्हा वाढावा लागतो, आणि त्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी छापखान्यातली पट्टी काढून कोपरापासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत मोजले. तीस सेंटिमीटर भरले. म्हणजे तीनशे दिवस! मुद्रितशोधकाला घाई चालत नाही, म्हणून असेल कदाचित, पण हा हिशेब समजल्यावर माझी चिडचिड थांबली.

आज वर्ष उलटून गेले आहे. किल्ली फिरते, निऱ्या राहतात, कागद सुटत नाही. खड्डा थोडा भरला, पूर्ण भरलेला नाही. करंगळीचे टोक अजून किंचित बोथट आहे. ती माझ्या आठ महिन्यांच्या आळसाची किंमत.

मुद्दा एवढाच की, करंगळी रोज बधिर होत असेल तर तेल चोळत बसू नका. अनामिका अर्धी जागी आणि अर्धी झोपलेली असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. आणि घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईंच्या अंगावर न दुखणारा, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर दबक्या आवाजात बोलू नका. सरळ त्यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जा.

गेल्या मे महिन्यात घरी फणस आणला. हाताला तेल लावून दोन्ही हातांनी मीच गरे काढले, ताटलीत मांडले आणि खालच्या मजल्यावरच्या मुलांना हाक मारली. ती धावत आली. पाच मिनिटांत ताटली रिकामी झाली, आणि मला अण्णामामांचे ते संध्याकाळपर्यंत भरलेले पान आठवत राहिले.