रॅप म्हणजे हिप-हॉप नव्हे

लावणी ऐकली म्हणजे तमाशा पाहिला, असे खान्देशातला कोणताही जाणता रसिक म्हणणार नाही; कारण तमाशात गण असतो, गवळण असते, बतावणी आणि वग असतो, सोंगाड्याचा हजरजबाबीपणा आणि ढोलकीवाल्याचा हात असतो, फडाची राहुटी, जत्रांचा हंगाम आणि सुपारी ठरवण्याची रीतही असते, आणि लावणी हा त्या साऱ्या पसाऱ्यातला झळाळता, पण एकच भाग असतो. रॅप आणि हिप-हॉप यांचे नाते नेमके असेच आहे. तरीही हे दोन शब्द आज बोलण्यात आणि छापील मजकुरातही सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. हा गोंधळ केवळ शब्दांचा असता, तर त्याची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. पण त्यामुळे काही शिवराळ आणि पैशाचा तोरा मिरवणाऱ्या गाण्यांचा दोष एका संपूर्ण संस्कृतीच्या माथी मारला जातो, आणि त्या संस्कृतीत लहान गावांतील मुलांना घेण्याजोगे जे सर्वाधिक आहे, ते नजरेआड होते.

रॅप ही शब्दांची कला आहे. ठरलेल्या तालावर, सुरांच्या चढउतारापेक्षा बोलण्याच्या लयीवर भर देऊन, यमके आणि अंतर्यमके साधत केलेले वेगवान उच्चारण म्हणजे रॅप. ते करणाऱ्याला जुन्या परिभाषेत एमसी, म्हणजे कार्यक्रमाचा सूत्रधार, म्हणतात, आणि त्याच्या शब्दांचा तालाशी जो मेळ बसतो त्याला फ्लो असे नाव आहे. हिप-हॉप ही मात्र एक जीवनरीत आहे, आणि तिची चार अंगे सर्वमान्य आहेत: तबकड्या वाजवून संगीत घडवणारा डीजे, शब्द सांभाळणारा एमसी, ब्रेकिंग नावाचे नृत्य करणारे बी-बॉय आणि बी-गर्ल, आणि भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने अक्षरे व चित्रे काढणारा ग्राफिटीकार. आफ्रिका बंबाटा आणि त्याच्या झुलू नेशन या संघटनेने या चारांना पाचवे अंग जोडले, ते ज्ञानाचे. आपण कोण, कुठून आलो आणि आपल्या वस्तीची ही अवस्था कशामुळे झाली, याचे भान असल्याशिवाय उरलेली चार अंगे ही नुसती करामत ठरतात, असा त्यामागचा विचार होता.

या विचाराला वजन का आले, हे समजण्यासाठी न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स या उत्तरेकडील भागाचा इतिहास पाहावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मोझेस या नगररचनाकाराच्या योजनेतून क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे हा रुंद महामार्ग दाट वस्त्या चिरत नेण्यात आला, हजारो कुटुंबे उठवली गेली, ज्यांना परवडले ते निघून गेले, आणि मागे राहिलेल्या कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन कुटुंबांच्या वाट्याला ओसाड इमारती आल्या, ज्यांतील अनेक पुढे आगीत भस्मसात झाल्या आणि काही तर विम्याच्या रकमेसाठी घरमालकांनीच पेटवून दिल्या. वस्त्या टोळ्यांनी वाटून घेतल्या होत्या. डिसेंबर 1971 मध्ये घेटो ब्रदर्स या टोळीचा शांततेसाठी झटणारा एक सदस्य मारला गेला, तेव्हा सुडाऐवजी टोळ्यांची सभा बोलावली गेली आणि हो अव्हेन्यूवरील त्या बैठकीत तह झाला. या तहाचे महत्त्व हिप-हॉपच्या इतिहासात फार मोठे आहे, कारण एका गल्लीतला मुलगा दुसऱ्या गल्लीत नाचायला जाऊ शकला तो त्यानंतरच.

पुढे 11 ऑगस्ट 1973 रोजी, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे उभे राहावेत म्हणून एक नृत्यसोहळा ठेवला आणि संगीताची जबाबदारी आपल्या अठरा वर्षांच्या भावाकडे, क्लाइव्ह कॅम्पबेलकडे दिली, जो डीजे कूल हर्क या नावाने ओळखला जातो. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असे प्रवेशमूल्य होते. जमैकात जन्मलेल्या हर्कच्या लक्षात आले होते की, फंक संगीताच्या तबकडीत गायन थांबून केवळ ढोलांचा ठेका उरतो त्या थोड्या सेकंदांच्या तुकड्यावर, म्हणजेच ब्रेकवर, नाचणारे सर्वाधिक खुलतात. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या आणि एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवरचा सुरू करून तो तुकडा हवा तितका लांबवण्याची युक्ती काढली. या ब्रेकवर नाचणारे ते ब्रेक-बॉय, म्हणजे बी-बॉय. हर्कचा मित्र कोक ला रॉक ध्वनिक्षेपकावरून मित्रांची नावे घेई, यमकांत दोन शब्द टाकून नाचणाऱ्यांना चेतवी. आज ज्याला रॅप म्हणतात त्याचा या सोहळ्यातला वाटा इतकाच होता. मान डीजेचा आणि नाचणाऱ्यांचा, आणि शब्द त्यांच्या सेवेला.

मग हा क्रम उलटला कसा? याचे उत्तर बाजारात आहे. नृत्य तबकडीवर कोरता येत नाही, भिंत दुकानात ठेवता येत नाही आणि डीजेची रात्रभराची मेहनत तीन मिनिटांत मावत नाही. विकता येतील असे होते ते शब्द. सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने 1979 मध्ये न्यू जर्सीतील शुगर हिल रेकॉर्ड्सतर्फे ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे काढले, त्यासाठी शुगरहिल गँग नावाचा चमू उभा केला, आणि रॅपचे पहिले मोठे यश याच गाण्याच्या पदरी पडले. परंतु त्यात गाणारे तिघे ब्रॉन्क्सच्या उद्यानांत नाव कमावलेले एमसी नव्हते, त्यातील काही ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या एमसीच्या वहीतून आलेल्या होत्या आणि त्याचे श्रेय त्याला मिळाले नाही. आणि सर्वांत बोलके म्हणजे त्या ध्वनिमुद्रणात डीजेच नव्हता, शीक या वाद्यवृंदाच्या गाजलेल्या गाण्याचा ठेका वादकांकडून पुन्हा वाजवून घेण्यात आला होता. सहा वर्षे वाढलेल्या संस्कृतीतून एक अंग असे वेगळे काढले गेले आणि जगाला त्याच अंगाची ओळख संपूर्ण देह म्हणून करून देण्यात आली. पुढे 1982 मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांच्या ‘द मेसेज’ने वस्तीचे दैन्य शब्दांत आणले आणि रॅपला गंभीर वाङ्मयाची प्रतिष्ठा मिळण्याची वाट खुली झाली, ती वाट 2018 मध्ये केंड्रिक लमारच्या संगीतसंग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळेपर्यंत गेली. हे यश थोर आहे. पण ते रॅपचे आहे, आणि त्यातून हिप-हॉपच्या इतर अंगांची दखल घेतली गेली असे मानता येत नाही.

महाराष्ट्रातही हाच क्रम दिसतो, फक्त काळ वेगळा. 1990 च्या दशकाच्या आरंभी बाबा सेहगलच्या गाण्यांमधून रॅप भारतीय घरांत पोहोचले, तेव्हा त्यामागे कोणतीही वस्ती, कोणतेही नृत्य वा भिंत नव्हती. ते हिप-हॉपवाचूनचे रॅप होते. खऱ्या अर्थाने संस्कृती रुजली ती नंतर, मुंबईच्या धारावी, कुर्ला, अंधेरी अशा भागांत, आणि तिथे आधी पाय थिरकले, शब्द मागाहून मोठे झाले. धारावीत स्लमगॉड्स या नावाने बी-बॉयिंग करणारी मुले एकत्र आली. 2015 मध्ये धारावी प्रोजेक्टने तिथे हिप-हॉपची शाळा सुरू केली, जिच्यात मुलांना ब्रेकिंग, ग्राफिटी, तोंडाने ढोलांचे आवाज काढण्याची बीटबॉक्सिंग ही कला आणि रॅप हे सारे विनामूल्य शिकवले जाऊ लागले. ‘स्वदेसी’ या समूहाने तर पाचव्या अंगाचा, ज्ञानाचा, अर्थ मराठी मातीत उतरवून दाखवला: एमसी मवाली मराठीतून, एमसी तोडफोड गुजरातीतून, असे आपापल्या बोलीत बोलणाऱ्या या तरुणांनी 2019 मध्ये आरे जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, आणि मेट्रोच्या कारशेडसाठी जंगल जाण्याच्या प्रश्नावर तिथल्या माणसालाच बोलू दिले. (एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार, 2022 मध्ये तो अगदी तरुण वयात गेला, ही या चळवळीची मोठी हानी आहे.)

त्याच 2019 च्या फेब्रुवारीत झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला. डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांच्या जीवनावरून प्रेरणा घेतलेल्या या चित्रपटाने वस्तीतील मुलांना मान मिळवून दिला, हे निर्विवाद आहे; पण कथेचा नायक रॅपर असल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात हिप-हॉप म्हणजे रॅप हे समीकरण पक्के झाले, आणि त्यानंतर आलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धांनीही शब्दांनाच मंच दिला. वर्षानुवर्षे पदपथावर पाठ घासून ब्रेकिंग शिकलेली मुले त्या झगमगाटात पार्श्वभूमीला राहिली. हा त्यांच्यावर अन्यायच झाला.

रॅपवाचून हिप-हॉप कसे दिसते, हे पाहायचे असेल तर ऑगस्ट 2024 च्या पॅरिस ऑलिंपिककडे वळावे. प्लास द ला काँकॉर्द या चौकात झालेल्या ब्रेकिंगच्या स्पर्धेत जपानच्या अमीने आणि कॅनडाच्या फिल विझार्डने सुवर्णपदके मिळवली. त्यात एकाही स्पर्धकाने रॅप केले नाही. डीजे आयत्या वेळी कोणती तबकडी लावणार हे नाचणाऱ्याला आधी ठाऊक नसते, त्या अनोळखी ठेक्याला देहाने उत्तर द्यायचे असते, आणि प्रतिस्पर्ध्याने जे केले त्याच्यावर मात करायची असते. नाचणाऱ्यांभोवती जे कडे उभे राहते त्याला सायफर म्हणतात. वारीतले रिंगण ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या कड्याची शिस्त समजावून सांगण्याची गरज नाही.

आता खान्देशाकडे यावे. धुळे-नंदुरबारची अहिराणी आणि भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यातील लेवा गणबोली या दोन्ही बोलींना लय अंगचीच आहे. ‘तो जात आहे’ या प्रमाण वाक्याऐवजी ‘तो जाई ऱ्हायना’ म्हटले की जीभ आपोआप ठेका धरते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईच्या निमित्ताने नदीच्या एका काठावरच्या मुलींनी समोरच्या गावातल्या मुलींना गाण्यांतून चिडवायचे, प्रसंगी शिव्याही द्यायच्या, ही रीत जुन्या पिढीने पाहिली आहे. डफाच्या तालावर कथा सांगणारे वहीगायन आजही ऐकू येते. कलगी-तुऱ्याच्या शाहिरांनी सवाल-जवाबात रात्री जागवल्या. आणि जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी अक्षरओळख नसताना घरोट्यावर आणि शेतात ओव्या रचल्या. यावरून रॅप मुळात आपलेच, असा दावा करण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. साम्य असणे म्हणजे वंशज असणे नव्हे, आणि ब्रॉन्क्सच्या जळक्या इमारतींत ज्यांनी ही कला घडवली त्यांचे श्रेय त्यांच्याकडेच राहिले पाहिजे. एवढे मात्र खात्रीने म्हणता येते की, रॅपसाठी लागणारी जीभ खान्देशाकडे तयार आहे. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने ‘100 आरबीएच’ या नावाने 2023 मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेत मराठीचा ठसा उमटवला, तेव्हा प्रमाण हिंदी-इंग्रजीवाचून अडत नाही हे विदर्भाने सिद्ध केले.

उणीव आहे ती इतर अंगांची, आणि ती भरून काढण्यास फार खर्च लागत नाही. ब्रॉन्क्समधील मुलांनी उद्यानांतील दिव्याच्या खांबातून वीज ओढून ध्वनिवर्धक चालवले होते. भुसावळजवळचे दीपनगर तर औष्णिक वीज केंद्राभोवती वसलेले, निरनिराळ्या जिल्ह्यांतील आणि बोलींतील कुटुंबांना नोकरीच्या निमित्ताने शेजारी आणणारे गाव आहे. अशा वसाहतीत ब्रेकिंगसाठी एक गुळगुळीत फरशी, ग्राफिटीसाठी मालकाच्या परवानगीने मिळालेली एक कुंपणभिंत आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ एवढे पुरते. परवानगीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण न्यूयॉर्कमध्ये याच कलेपायी अनेक मुलांना खटले सोसावे लागले. शाळांच्या स्नेहसंमेलनांत ‘हिप-हॉप डान्स’ या नावाखाली चित्रपटगीतावर बसवलेली कवायत सादर होते, तेव्हा ती बसवणाऱ्या शिक्षकांनी मुलांना 1973 सालची ती खोली, तबकड्यांची ती दोन यंत्रे आणि त्याआधीचा तो तह यांविषयी निदान अर्धा तास सांगावे. आणि ज्या मुलाला रॅप लिहायचे आहे त्याने ते अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत, आपल्या आजीला पहिल्या ऐकण्यात कळेल अशा शब्दांत लिहावे.